चौऱ्याहत्तर बाटल्यांचा माणूस

तांबडी पेशी कशी असते, असं मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी विचारते आणि दरवर्षी मला एकच उत्तर मिळतं. "बायकॉन्केव्ह डिस्क, मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात, आरती म्हणावी तसा. म्हणजे कशी? दोन्ही बाजूंनी मधे दाबलेली म्हणजे दिसते कशी, बाळांनो? एकाही चेहऱ्यावर रेघ हलत नाही. मग मी डब्यातला मेदूवडा काढते. याचं भोक बुजवा, बुजवून दोन्हीकडून अंगठ्याने दाबा, झाली तांबडी पेशी. मुलं मेदूवड्याचा फोटो काढतात. एका वर्षी एकाने पेपरात खरोखर 'मेदूवड्यासारखी' असं लिहिलं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघत विचारलं, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, हल्लीची मुलं कुठे कुठे वाचतात, कुणास ठाऊक.

परळच्या एका मेडिकल कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि त्यातही रक्त हा माझा जीव की प्राण. रक्ताचा तास मी शिकवत नाही, करते. आधी मी तांबडी पेशी होते. म्हणजे पाठीवर ऑक्सिजनचं ओझं घेऊन वर्गभर फिरणारी हमालीण. ही हाडांच्या मगजातून बाहेर पडताना आपलं केंद्रकसुद्धा तिथेच टाकून येते, तेवढीच हिमोग्लोबिनला जास्त जागा. पण केंद्रक नाही म्हणजे दुरुस्तीही नाही. चारेक महिने वाहायचं, मग थकायचं, आणि प्लीहेत जाऊन मोडीत निघायचं. शरीर त्या मोडीतलं लोखंड मात्र फेकत नाही, पुन्हा वापरतं. मग मी पांढऱ्या पेशी होते. न्यूट्रोफिल म्हणजे गल्लीत भांडण झालं की शर्टाची बटणं न लावता धावणारी पोरं. पहिली पोचतात, पहिली मरतात, आणि त्यांच्या प्रेतांना आपण पू म्हणतो. लिम्फोसाइट म्हणजे शेजारच्या खोलीतली म्हातारी, एकदा पाहिलेला चोर कित्येक वर्षांनी चालीवरून ओळखणारी. मोनोसाइट उशिरा येतो पण येईल ते खातो. इओसिनोफिल जंत आणि अ‍ॅलर्जी बघतो. बेसोफिल मात्र काचपट्टीवर शोधून सापडत नाही, आमच्या कॉलेजातल्या लिफ्टमनसारखा. आणि प्लेटलेट? त्या धड पेशीसुद्धा नाहीत, एका अवाढव्य पेशीचे तुटलेले तुकडे. पण रक्तवाहिनीला भोक पडलं की एकमेकांना चिकटून त्यावर पहिलं बूच बसवतात त्या ह्याच.

इतकं सगळं करून मी घाम पुसते आणि विचारते, काही शंका? एक हात वर होतो. माझं मन भरून येतं.

"मॅडम, हे परीक्षेला येणार?"

म्हणून मी ठरवलं, यांना वर्गाबाहेर काढायचं. गणपतीच्या आधी लालबागला आमच्या गल्लीतलं मंडळ रक्तदान शिबिर घेतं. आमची गल्ली म्हणजे मी जन्मले ती. मी लग्न होऊन शिवाजी पार्कला आले, पण माझा थोरला भाऊ अजून तिथेच राहतो. मदतीला म्हणून काही विद्यार्थी घेऊन जाते, असं मी मंडळाला कळवलं. पोरांना खरं रक्त दिसेल, खरी माणसं दिसतील. आणि दादाची हौसही बघायला मिळेल.

दादाची हौस म्हणजे रक्तदान. आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दादा दहावीत होता. त्याने शाळा सोडली, आणि मी शिकले. हे आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवलं नाही, दादाने तर नाहीच. पुढे त्याने पार्सलच्या ऑफिसात नोकरी केली आणि रक्त दिलं. माझ्या डिग्र्या कपाटात कुठेतरी पडल्या आहेत. त्याची रक्तदानाची सर्टिफिकिटं लॅमिनेट करून भिंतीवर लावलेली आहेत, आणि भिंत संपल्यावर दाराच्या मागे. चौऱ्याहत्तर झाली होती. पंच्याहत्तरावं या शिबिरात व्हायचं होतं. मंडळाने गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता: 'अमृतमहोत्सवी रक्तदाता', आणि खाली गॉगल घातलेला दादा. शाल, श्रीफळ, पाहुणे, सगळं ठरलेलं.

"बाय, तू प्रोफेसर व्हशीत तेव्हा व्हशीत," तो फोनवर म्हणाला होता. "माझा पंच्याहत्तरावा येत्या रविवारी आसा."

आमचं घर मालवणी. बाहेर दादा मुंबईचं मराठी बोलतो, माझ्याशी मात्र घरचंच.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये रक्तपेढीची माणसं आली होती, एक तरुण डॉक्टर आणि त्याचे टेक्निशियन. रक्त घेण्याआधी बोट टोचून हिमोग्लोबिन बघतात. आता त्याची छोटी यंत्रं आहेत, पण मोरचुदाचं निळं पाणी अजून चालतं, आणि मला तेच आवडतं कारण त्यात नाट्य आहे. पाण्याची घनता अशी ठरवलेली असते की साडेबाराच्या वर हिमोग्लोबिन असलेला थेंब दगडासारखा तळाला जातो. कमी असला तर वर तरंगत राहतो. तरंगला की रक्त घेत नाहीत. वरळी कोळीवाड्यातली माझी एक विद्यार्थिनी टेक्निशियनच्या शेजारी उभी राहून बोटं टोचत होती. मुलगी हुशार, तोंडाने फटकळ, आणि वर्गात मोबाइल मांडीवर ठेवून बसणारी. बाकीचे माझे विद्यार्थी निळ्या पाण्याचा व्हिडिओ काढत होते.

दादा आला. पांढरा कुडता, कपाळाला गंध, हातात रसवंतीवाल्याकडून भरून आणलेला बर्फाचा ग्लास, आणि तोंडात बर्फ. कडाकडा चावत. एक जिना चढून आला तर खुर्चीवर बसून दम खात होता.

"काका, हात ढिला सोडा," मुलगी म्हणाली. तो माझा भाऊ आहे हे तिला माहीत नव्हतं.

"ढिलाच आहे. तू घाबरू नको. मी चौऱ्याहत्तर वेळा टोचून घेतलंय."

"मग पंच्याहत्तराव्यांदा बोलू नका, हलतंय बोट."

तिने टोचलं. रक्त येईना. तिने बोट पिळलं, थेंब निघाला, पाण्यात सोडला. थेंब थोडा खाली गेला, थबकला, आणि हळूहळू वर येऊन बसला.

"मॅडम," तिने मला हाक मारली, "हे तरंगतंय."

"पाणी जुनं असेल," दादा म्हणाला.

"आत्ताच बदललं, काका."

"मग हवा लागली असेल."

मी धावत गेले आणि आधी मुलीवरच उखडले. बोट पिळायचं नाही हे मी प्रॅक्टिकलला किती वेळा ओरडून सांगितलंय! पिळलं की आजूबाजूचं पाणी थेंबात मिसळतं आणि रक्त पातळ दिसतं. दादाचा चेहरा उजळला. "बघा! पोरीची चूक. मी काल बीट खाल्लंय, खजूर खाल्लाय, रात्री बांगडा खाल्लाय."

"सॉरी मॅडम," ती म्हणाली, "पण त्यांचं बोट बर्फासारखं गार आहे."

या वेळी टेक्निशियनने टोचलं. न पिळता. थेंब आपण होऊन आला. आम्ही तिघं त्या निळ्या बाटलीवर डोकी लावून उभे राहिलो. थेंब अर्ध्यापर्यंत गेला आणि परत वर आला. शेवटी यंत्र काढलं. यंत्राने नऊच्या घरातला आकडा दाखवला.

आणि नेमकं याच वेळी मंडळाच्या सेक्रेटरीने माईक हातात घेतला.

"बंधू आणि भगिनींनो! आपले दादा! अहो, लोक वर्षातून एकदा रक्त देतात! दादांनी गेल्याच महिन्यात भोईवाड्यात दिलं! त्याच्या आधीच्या महिन्यात काळाचौकीला दिलं! त्याच्याही आधी दादरला! हा माणूस थांबत नाही!"

टाळ्या. रक्तपेढीच्या डॉक्टरने मान वर केली. दोन रक्तदानांमध्ये तीन महिने तरी जावे लागतात, हे त्याला माहीत, मला माहीत, आणि चौऱ्याहत्तर वेळा विचारलं गेल्यामुळे दादालाही पक्कं माहीत.

"काका, मघाशी फॉर्म भरताना शेवटचं रक्तदान चार महिन्यांपूर्वी म्हणालात ना?" त्याने विचारलं.

"चारच," दादा म्हणाला.

"एका वर्षात सहा-सहा वेळा!" सेक्रेटरी माईकवर गरजला. "आहे का मुंबईत दुसरा कोणी?"

मी हात हलवून त्याला गप्प बसायला सांगू लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याचे डोळे ओलावले, आणि तो म्हणाला, "त्यांच्या डॉक्टर भगिनी इथे उपस्थित आहेत. बघा, त्यांनाही भरून आलंय!" पुन्हा टाळ्या. कपाळ कुठे आपटावं, असं मला झालं.

कॉलेजात इतकी वर्षं काढल्यामुळे असेल, पण मला अशा वेळीही शिकवायचंच सुचतं. मी मुलांना जवळ बोलावलं. मोबाइल खाली ठेवा. यांच्याकडे बघा. काय दिसतं? एकाने घसा साफ केला आणि म्हणाला, "मॅडम, तांबडी पेशी ही बायकॉन्केव्ह..." मी त्याला मारलं नाही, एवढंच. मी दादाची खालची पापणी ओढून दाखवली, आत लाली अशी नव्हतीच. जिना चढून दम लागला ते तुम्ही पाहिलंत. अजून काय?

"बर्फ," कोळीवाड्याची मुलगी म्हणाली. "मॅडम, ते मघापासून बर्फ खातायत. शरीरात लोखंड कमी झालं की काही लोकांना बर्फ चघळावासा वाटतो ना?"

खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं. एक तरी! पण समोर दादा बसला होता, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की मी नाचणं सोडून त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसले.

"दादा, ऐक. एका बाटलीबरोबर जेवढं लोखंड जातं ना, तेवढं जेवणातून भरून यायला महिने लागतात. म्हणून ते अंतर ठेवायला सांगतात, डॉक्टरांना वेळ नाही म्हणून नाही. तुझ्या हाडांत पेशी बनतायत, पण आत भरायला लोखंडच शिल्लक नाही."

"माका काय झाला नाय गो. मी चलतंय, फिरतंय."

"एक जिना चढून बसलास!"

"जिनो उंच आसा."

त्याच जिन्यावरून तो लहानपणी मला खांद्यावर घेऊन पळायचा.

डॉक्टरने नम्रपणे सांगितलं, आज नाही. सेक्रेटरी माईक ठेवून आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा पडला, पण तो मंडळाचा माणूस, त्याला उपाय सुचायला वेळ लागत नाही. "ताई, सोप्पं आहे. सुई लावायचीच नाही. दादांना बेडवर झोपवू, नळी नुसती पट्टीने चिकटवू, हातात तो बॉल देऊ. फोटो काढू, सत्कार उरकू. पाहुणे रस्त्यात आहेत. कोण बघतंय?"

मी दादाकडे पाहिलं. दादा त्या बेडकडे बघत होता. माझी खात्री होती की तो जाऊन झोपणार. मी भांडायला तोंड उघडलंसुद्धा होतं.

"नाय," तो म्हणाला. मग सेक्रेटरीला कळावं म्हणून मराठीत, "तारखा मी खोट्या सांगितल्या असतील रे. बाटली खोटी दिली नाही कधी."

आणि उरलेला बर्फ बेसिनमध्ये ओतून तो घरी गेला. पाहुणे आल्यावर ती शाल शेवटी रक्तपेढीच्या डॉक्टरच्या खांद्यावर पडली. आपण असं काय केलं, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढचे काही आठवडे मी दादाच्या मागे हात धुऊन लागले होते. त्याच्या वयाच्या पुरुषाचं रक्त कमी झालं तर नुसतं रक्तदानावर ढकलून चालत नाही. आत कुठे रक्तस्राव होत नाही ना, ते बघावंच लागतं. दादाला पोटात दुर्बीण घालून घ्यायची नव्हती. ज्याने चौऱ्याहत्तर वेळा जाडजूड सुई हसत टोचून घेतली, तो माणूस एका नळीला घाबरून दोनदा घरातून पळाला. एकदा तर माशाच्या बाजारात सापडला. अखेर वर-खाली दोन्ही तपासण्या झाल्या, आत सगळं ठीक निघालं. लोखंडाचा साठा मात्र जवळजवळ शून्य. औषधं सुरू झाली. ती चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोखंड अंगी लागत नाही, असं मी बजावलं. तो म्हणाला, बरं, आणि मग विचारलं, "कॉफी?"

औषधं सुरू व्हायच्या आधी त्याच्या रक्ताची एक काचपट्टी मी ठेवून घेतली होती. एक दिवस त्याला कॉलेजच्या लॅबमध्येच बोलावलं. म्हटलं, माझं ऐकत नाहीस, तुझ्या डोळ्यांवर तरी विश्वास ठेव. कोळीवाड्याची मुलगी तिथे होती. तिने आधी माझ्या रक्ताची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली.

"काका, ही मॅडमची. बघा, गोल गोल, गुलाबी, मधे थोडंसं फिकं."

दादाने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "भरलेली आसत गो तुझी."

"आता ही तुमची."

त्याच्या पेशी लहान होत्या आणि मधे जवळजवळ काहीच नव्हतं. कडेला एक गुलाबी रेघ, बाकी मोकळं, बारशाला बाळाला घालतात तशा बांगड्या.

"काका, हिमोग्लोबिन बनवायला लोखंड लागतं. ते नाही, म्हणून पेशी भरतच नाही. बाहेर येते, फिरते, पण ओझं उचलायला तिच्यात काही नाही. म्हणून तुम्हाला दम लागतो."

हे सगळं मी वर्षभर हातवारे करून सांगत होते. तेव्हा ही मांडीवरच्या मोबाइलमध्ये होती. मला ओठ दाताखाली धरावे लागले.

दादा अजून डोळा लावून होता. मग तो म्हणाला, "आणि दिलेली?"

"कुठली?"

"चौऱ्याहत्तर बाटल्या. ती कोणाकोणाच्या अंगात फिरतत. ती तरी भरलेली आसत मां?"

माझ्या लक्षात आलं की त्याला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्या हिशेबी, मुंबईभर चौऱ्याहत्तर माणसं त्याचं रक्त अंगात घेऊन चालत होती. बसमध्ये शेजारी बसलेल्या एखाद्या अनोळखी माणसाकडे बघून त्याच्या मनात यायचं म्हणे, असेल हा त्यातला.

"दादा, तांबडी पेशी चार महिने जगते. तुझ्या अंगात काय, दुसऱ्याच्या काय. तू दिलेल्या त्या सगळ्या कधीच मोडीत निघाल्या."

"सगळी?"

मुलगी मधे पडली. "भोईवाड्यातल्या असतील, काका. त्या अजून नवीन आहेत."

"ती आसत?"

"असतील थोडे दिवस," मी म्हटलं. "बाकी संपल्या."

"आणि ती माणसा?"

"ती आहेत ना. ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं, अपघात झाला, तेव्हा त्यांना रक्त हवं होतं, ते तू दिलंस. मग त्यांची हाडं त्यांचं स्वतःचं रक्त बनवायला लागली. आता ती त्यांच्याच रक्तावर चालतात."

तो सूक्ष्मदर्शकापासून मागे सरकला. मला वाटलं, फार बोलले. मुलगी काचपट्ट्या पुसण्याचं नाटक करत होती. त्या पुसायच्या नसतात, पण त्या वेळी मी तिला रागावले नाही.

"ह्या आधी सांगूक नको?" दादा शेवटी म्हणाला.

"मी? तू कधी विचारलंस?"

"तू रक्ताचीच मास्तरीण मां? घराकडे येवन फक्त मच्छी खातंस."

मग त्याने खिशातून फोन काढला आणि सेक्रेटरीला लावला. लॅबमध्ये फोन लावू नकोस, असं मी म्हणेपर्यंत तो बोलायलाही लागला होता. "अरे, माघी गणपतीच्या शिबिरातून माझं नाव काढ. नाही रे, मेलो नाही. साठा संपलाय. वर्षभर तरी नाही. नंतरचं डॉक्टर सांगेल तसं. हो, खोटं नको, खरं सांग सगळ्यांना. काळाचौकीवाल्यांनाही कळव."

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. मी मुलीकडे बघून हसले, तीही हसली.

"आणि ऐक," दादा फोनमध्ये म्हणाला, "जागा रिकामी ठेवू नको. माझ्या बहिणीचं नाव लिही. हो, डॉक्टर. तिचं रक्त शिकलेलं आहे."

"दादा!"

"भरलेलं आहे, मी आत्ता स्वतः बघितलं. आणि तिचं झालं की पंच्याहत्तरावं माझ्या नावावर लाव."

"असं नसतं!" मी ओरडले. शेजारच्या लॅबमधून कोणीतरी डोकावलं. "असं चालत नाही! माझं रक्त तुझ्या नावावर कसं लागेल? आपला रक्तगटसुद्धा एक नाही!"

त्याने फोनवर हात ठेवला आणि नळाला पाणी कधी येतं हे सांगावं इतक्या सहज आवाजात मला समजावलं, "एकाच आवशी-बापाशीचा रगत गो. मोजूक काय हरकत आसा?"

मी मुलीकडे वळले. निदान तिने तरी याला शास्त्र सांगावं. ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, माघी कधी आहे? मी पण येते."